चित्र स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी: चित्रकार, गॅलरी आणि संग्रहालय यांचे व्यवहार कसे बांधावेत

मुंबईत काळा घोड्याच्या आसपास पायी फिरता येईल एवढ्या परिसरात तीन निरनिराळ्या प्रकारच्या जागा आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. तिथे दालनाचे भाडे चित्रकार भरतो, चित्रे तोच लावतो आणि गिऱ्हाइकाशी तोच बोलतो. कुलाबा-फोर्टमधल्या खासगी गॅलऱ्या चित्रकाराकडून भाडे घेत नाहीत. त्या विक्रीवर कमिशन घेतात आणि कुणाचे काम लावायचे हे स्वतः ठरवतात. तिसरा प्रकार संग्रहालयांचा: सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणजे एनजीएमए, समोरचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, आणि थोडे लांब, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. संग्रहालय भिंतीवरचे चित्र विकत नाही. ते उसने घेते, संग्रहासाठी विकत किंवा भेट म्हणून घेते, किंवा नवे काम करवून घेते.

तिन्ही ठिकाणचे कागद वेगळे, मुदती वेगळ्या, जबाबदाऱ्याही वेगळ्या. तरी भांडणे बहुतेक एकाच कारणाने होतात: चित्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि त्या क्षणी कागद झाला नाही. म्हणून पुढची सगळी माहिती चित्राच्या प्रवासाच्या क्रमाने दिली आहे, स्टुडिओतल्या वहीपासून संग्रहालयाच्या भांडारापर्यंत.

आधी स्वतःची नोंदवही

प्रत्येक कामाला क्रमांक द्या. वर्ष आणि अनुक्रम पुरेसा आहे, उदाहरणार्थ २०२५-०१४. हा क्रमांक पुढे पावतीवर, विम्याच्या यादीत, पेटीवर, सगळीकडे तोच राहतो. चित्राचे नाव बदलू शकते आणि ‘शीर्षकहीन’ नावाची दहा चित्रे असू शकतात. क्रमांक मात्र एकाच चित्राचा असतो.

वहीत किंवा एक्सेलमध्ये हे रकाने हवेतच: नाव, वर्ष, माध्यम, आकार, किंमत, सध्या कुठे, कोणत्या कागदावर दिले, परत कधी यायचे, कुठे कुठे प्रदर्शित झाले, कुणाला विकले. माध्यम लिहिताना ‘मिश्र माध्यम’ लिहून सुटका करून घेऊ नका. ‘कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, कोळसा आणि सोनेरी वर्ख’ असे लिहा, कारण उद्या संवर्धकाला त्यावरूनच ठरवायचे असते की हात कशाने लावायचा. आकार सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, फ्रेमसह आणि फ्रेमविना दोन्ही. आपल्याकडे ‘चोवीस बाय छत्तीस’ म्हणायची सवय आहे. त्यात उंची कोणती ते कळत नाही आणि आडव्या चित्राची पेटी उभ्या मापाने बनून येते.

छायाचित्रे काम पूर्ण झाल्या झाल्या काढा, काच आणि फ्रेम बसवण्याआधी: समोरून, मागून, सहीचे जवळून, चारही कोपरे. सपाट सारख्या उजेडात, बाजूला रंगांची पट्टी ठेवून. कॅटलॉगमध्ये पानभर छापायचे तर लांब बाजू निदान ४,००० पिक्सेलची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रतिमा छपाईला चालत नाही.

चित्राच्या मागे नाव आणि क्रमांक लिहायचा तो स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या चौकटीच्या, लाकडावर. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर चालवला तर शाई काही वर्षांनी पुढून दिसू शकते. कागदावरच्या कामाला मागच्या कडेला मऊ पेन्सिल.

गॅलरीकडे जाताना

ज्या गॅलरीला काम दाखवायचे तिची दोन-तीन प्रदर्शने आधी पाहा. ती तरुणांचे गटप्रदर्शन करते का, कागदावरचे काम घेते का, शिल्पाला तिच्याकडे जागा आहे का, हे पाहिल्याशिवाय पाठवलेला ईमेल वाया जातो. पाठवायचे ते गेल्या दोन वर्षांतले १२ ते १५ कामांचे एक पीडीएफ, १० एमबीच्या आत. प्रत्येक प्रतिमेखाली पूर्ण तपशील आणि सुरुवातीला एक परिच्छेद, चार पाने नकोत. महिन्याने एकदा आठवण करा, त्यापुढे नको. दुसऱ्याच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला स्वतःचे गुंडाळलेले कॅनव्हास घेऊन जाणे हा शिष्टाचाराचा भंग आहे आणि तो लक्षात राहतो.

होकार आला की पहिले चित्र हलण्याआधी कन्साइनमेंटचा करार करा. यात मालकी चित्रकाराकडेच राहते. गॅलरीकडे फक्त ताबा आणि विकण्याची परवानगी जाते. दोन पानांत बसतो, पण त्यात पुढच्या गोष्टी नावानिशी हव्यात.

कमिशन किती, हे सगळेच विचारतात. साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ते ठरते. कमिशन कशावर, हे मात्र विचारायचे राहते. हिशेब बघा. चित्राची किंमत १,००,०००, कमिशन ४० टक्के. गिऱ्हाइकाने १० टक्के सूट मागितली आणि मिळाली. सूट दोघांनी वाटून सोसली तर ९०,००० चे ६० टक्के म्हणजे चित्रकाराला ५४,०००. गॅलरीने आपल्या वाट्यातून दिली तर चित्रकाराला ६०,००० आणि गॅलरीला ३०,०००. सगळी चित्रकाराच्या माथी मारली तर त्याला ५०,००० आणि गॅलरीला पूर्ण ४०,०००. एकाच विक्रीत दहा हजारांचा फरक, आणि कारण एवढेच की एक ओळ लिहिली नव्हती. योग्य रीत अशी: १० टक्क्यांपर्यंतची सूट दोघांत वाटून, त्यापुढची चित्रकाराला विचारून.

फ्रेमचेही तसेच. चित्रकाराने ८,००० रुपयांची फ्रेम करून दिली आणि तिच्यासकट किंमत १,००,००० धरली, तर फ्रेमचा खर्च आधी वजा व्हायला हवा. ९२,००० चे ६० टक्के ५५,२००, अधिक फ्रेमचे ८,०००, एकूण ६३,२००. नाहीतर गॅलरी सुताराच्या बिलावरही कमिशन घेते.

पैसे कधी? गिऱ्हाइकाकडून आल्यापासून ३० दिवसांत. गिऱ्हाईक हप्त्याने देणार असेल तर प्रत्येक हप्त्यातून त्याच प्रमाणात वाटा, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत चित्र गॅलरीतून हलायचे नाही. ‘घरी लावून बघतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चित्र पाठवायचे तर सात दिवसांची मर्यादा आणि तेवढ्या काळातल्या नुकसानीला गॅलरी जबाबदार, हे करारात हवे. याच फटीतून सर्वांत जास्त चित्रे बेपत्ता होतात.

न विकलेली कामे किती महिन्यांनी परत द्यायची आणि टेम्पोचे पैसे कोण देणार, हेही लिहा. सहा महिने ही रास्त मुदत आहे. मुदत संपल्यावर आपोआप वाढ नको, नवी सही हवी.

एकाधिकाराबद्दल चित्रकार विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण सही करतात. गॅलरी कॅटलॉग छापते, कलामेळ्यात स्टॉल घेते, संग्राहकांना वर्षानुवर्षे सांभाळते. त्या बदल्यात तिने मुंबईपुरता किंवा भारतापुरता हक्क मागणे गैर नाही. पण प्रदेश, मुदत आणि माध्यम तिन्ही लिहून घ्या, आणि तुमचे आधीचे खरेदीदार नावानिशी यादी करून वगळा. स्टुडिओतून थेट झालेल्या विक्रीवर गॅलरीला किती, तोही आकडा हवा. आकडा नसेल तर चित्रकार लपवून विकतो, गॅलरीला कळतेच, आणि नाते तिथे तुटते.

किंमत सगळीकडे एकच ठेवा. आपल्याकडे चौरस इंचाच्या दराने भाव काढायची पद्धत आहे. ती परिपूर्ण नाही, पण दर एकदा ठरला की स्टुडिओ, गॅलरी आणि भाड्याचे दालन सर्वत्र तोच लागू झाला पाहिजे. स्टुडिओत निम्म्या भावात मिळते हे एका गिऱ्हाइकाला समजले की गॅलरी त्या चित्रकाराचे काम मनापासून विकत नाही. भाव वाढवायचा तर वर्षातून एकदा, थोडा. चढवलेला भाव उतरवता येत नाही.

बिल कोण करणार हेही आधीच. एका पद्धतीत चित्रकार खरेदीदाराला थेट बिल देतो आणि गॅलरी त्याला कमिशनचे बिल देते. दुसरीत गॅलरी विकते आणि चित्रकाराचा वाटा चुकता करते. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कमिशन ही सेवा असल्याने तिच्यावर १८ टक्के लागतो. ठरलेले ४० टक्के या करासह की करावेगळे, हे सीएला दाखवून करारातच लिहा.

आणि खरेदीदाराचे नाव. गॅलऱ्या ते सांगायला नाखूश असतात, कारण चित्रकार थेट विकू लागेल ही भीती खरी असते. पण वीस वर्षांनी एखाद्या संग्रहालयाने तुमचे सिंहावलोकनी प्रदर्शन ठरवले आणि चित्रे कुणाकडे आहेत हेच माहीत नसले, तर प्रदर्शन अर्धेच होते. मधला मार्ग आहे: गॅलरी नाव जपून ठेवील, आणि संग्रहालयाकडून मागणी आल्यास ती मालकापर्यंत पोहोचवील, असे कलम घाला. वास्तुसंग्रहालयात २०११ पासून जहांगीर निकल्सन कला प्रतिष्ठानचे दालन आहे. एका खासगी संग्राहकाने मुंबईत घेतलेली आधुनिक चित्रे आज तिथे अभ्यासाला मिळतात. चित्रकाराकडून गॅलरी, गॅलरीकडून संग्राहक, संग्राहकाकडून संग्रहालय हा असाच रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर जुने बिल हाच चित्राच्या अस्सलपणाचा पुरावा ठरतो.

भाड्याचे दालन

जहांगीर किंवा पुण्याचे बालगंधर्व कलादालन अशा ठिकाणी अर्ज, निवड आणि वाट पाहणे हा क्रम. जहांगीरला तारीख मिळायला काही वर्षे लागू शकतात, म्हणून काम तयार होण्याची वाट न पाहता अर्ज करा. खर्च मांडताना भाड्याबरोबर फ्रेमिंग, टेम्पो, पत्रिका, कॅटलॉग आणि दिवसभर बसणारा माणूस हेही धरा. फ्रेमिंग कित्येकदा भाड्याला मागे टाकते. तुमची एखादी गॅलरी असेल तर तारीख घेण्याआधी तिला विचारा. गॅलरी आणि भाड्याचे दालन यांचे वैर मुळीच नाही. गॅलरी केमोल्ड १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली आणि २००७ मध्ये प्रेस्कॉट रोडला जाईपर्यंत तिथेच होती.

चित्रे लावायची ती मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४८ सेंमीवर धरून. खिळ्याची उंची अशी काढा: १४८ अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा तार ताणल्यावर तिचे टोक फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितके खाली येते ते अंतर. ९० सेंमी उंच फ्रेम, तार १२ सेंमी खाली, तर १४८ + ४५ − १२ = १८१ सेंमी. तार अडकवायच्या कड्या, म्हणजे डी-रिंग, वरून एक-तृतीयांशावर बसवा, त्याहून खाली बसवल्या तर चित्र पुढे झुकते. मोठ्या चित्राला एक खिळा नको, दोन. चित्र विकले गेल्याची खूण म्हणून लाल टिकली लावायची ती आगाऊ रक्कम हातात आल्यावरच. तोंडी शब्दावर लावलेली टिकली खऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवते.

संग्रहालयाला चित्र उसने देताना

संग्रहालयाचे वेळापत्रक वर्ष-दोन वर्षे आधी ठरते. त्यामुळे क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणाऱ्याने, ‘पुढच्या हिवाळ्यात’ म्हटले की तो पुढचा नसून त्यापुढचाही असू शकतो. लेखी मागणीपत्र आल्याशिवाय चित्र राखून ठेवू नका, आणि आल्यावर मात्र मधल्या काळात विकू नका. विकलेच तर प्रदर्शन संपेपर्यंत ताबा मिळणार नाही हे खरेदीदाराकडून लिहून घ्या आणि संग्रहालयाला कळवा.

करार मालकाशी होतो. चित्र न विकलेले असून गॅलरीत असेल, तर मालक तुम्ही आणि ताबा गॅलरीचा, म्हणून दोघांच्या सह्या हव्यात. हे न केल्याने होते ते असे: चित्र गॅलरीतून उचलले जाते, परत येते स्टुडिओत, आणि गॅलरीच्या यादीत ते अजून गॅलरीतच असते.

करारात पाहायच्या गोष्टींपैकी विमा सर्वांत महत्त्वाचा. तो ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ हवा, म्हणजे तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत लागेपर्यंत, वाहतूक आणि मधली साठवण धरून. रक्कम पूर्ण विक्री किमतीची की चित्रकाराच्या वाट्याची, हे लिहा. पूर्ण किमतीची असेल तर नुकसानभरपाईत गॅलरीचा हिस्सा किती तेही ठरवा. पॉलिसीतल्या अपवादांचे पान वाचा. हळूहळू होणारी झीज, दमटपणा, बुरशी आणि कामातला मूळ दोष हे सहसा वगळलेले असतात. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये नेमका धोका तोच. म्हणून विम्यावर विसंबू नका आणि जागेची चौकशी करा: दालनात रात्रीही वातानुकूलन चालू असते का? सापेक्ष आर्द्रता मोजतात का? ती बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागद आणि कॅनव्हास दोन्हींवर बुरशी धरते. दिवसा थंड, रात्री बंद ही सर्वांत वाईट अवस्था, कारण दर रात्री ओल चढते आणि दर सकाळी लाकूड आक्रसते. बाहेरच्या भिंतीला टेकून चित्र लावायचे नाही. खालच्या कोपऱ्यांना मागून बूच किंवा रबराचे तुकडे लावून सेंटिमीटरभर हवा खेळती ठेवा.

कागदावरच्या कामाला, जलरंगाला आणि कापडाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड नको, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. ५० लक्स डोळ्यांना अंधूक वाटतो आणि उद्घाटनाच्या दिवशी कुणीतरी दिवे वाढवायला सांगतोच. करारात आकडा असेल तर दिवे पुन्हा खाली आणायला सांगता येते.

स्थितिअहवाल, म्हणजेच कंडिशन रिपोर्ट, दर हस्तांतरणाला करावा: स्टुडिओतून निघताना, संग्रहालयात पेटी उघडल्यावर, परत बांधताना, घरी उघडल्यावर. टॉर्च चित्राच्या बाजूने, जवळजवळ समांतर धरा. पोपडे, खोक, स्ट्रेचरच्या कडेचे वळ तिरप्या उजेडातच दिसतात. छापलेल्या छायाचित्रावर खुणा करून शब्दांत लिहा: ‘खरचटलेले, ३ मिमी, डाव्या कडेपासून ११ सेंमी, वरून ४० सेंमी’. ‘चांगल्या स्थितीत’ एवढेच लिहिले की वाद झाल्यावर तो अहवाल काही सिद्ध करत नाही. खाली दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची.

श्रेयाची ओळ तुम्हीच लिहून द्या: चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, आणि ‘चित्रकार व अमुक गॅलरी यांच्या सौजन्याने’. गॅलरीचे नाव भिंतीवरच्या पट्टीत आले नाही म्हणून झालेले रुसवे अगदी टाळता येण्याजोगे आहेत.

बांधणी

९० × १२० सेंमीचा, ४ सेंमी जाड, फ्रेम नसलेला कॅनव्हास घेऊ. रंग आधी वाळलेला हवा. जाड तैलरंगाला सहा महिने ते वर्ष लागते. अ‍ॅक्रिलिक वरून कोरडे वाटले तरी उन्हातल्या टेम्पोत मऊ होते आणि त्याला चिकटलेला बबल रॅप गोल गोल ठसे उमटवून निघतो. हे ठसे पुसले जात नाहीत. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड संरक्षक बसवा, समोरून ३ सेंमी तरी पुढे येतील असे. त्यांवरून ग्लासिन या गुळगुळीत कागदाचे किंवा प्लास्टिकचे आवरण ताणून घ्या, म्हणजे ते रंगाला टेकतच नाही. बबल रॅप त्याच्यावर, फुगे बाहेरच्या बाजूला.

पेटी १२ मिमी प्लायची. आत सर्व बाजूंनी ५ सेंमी फोम धरायचा, पण माप कॅनव्हासचे नव्हे, बांधून झालेल्या गठ्ठ्याचे घ्यायचे. इथे गठ्ठा ९६ × १२६ × १० सेंमी झाला तर आतले माप १०६ × १३६ × २०. झाकण स्क्रूने, खिळ्यांनी नको. परत बांधणाऱ्याने खिळे ठोकले की तो हादरा चित्राला बसतो. झाकणाच्या आतून बांधणीच्या क्रमाची छायाचित्रे चिकटवून ठेवा. येताना बांधणारी माणसे वेगळी असतात. चित्र नेहमी उभेच न्यायचे. वातानुकूलित दालनात पेटी पोहोचली की २४ तास न उघडता तशीच ठेवा, नाहीतर काचेच्या आतून पाणी धरते. काच असलीच तर तिच्यावर कागदी टेप फुलीसारखी लावा. अ‍ॅक्रिलिक शीटला टेप लावू नका, चरे पडतात.

संग्रहालय नवे काम करवून घेते तेव्हा

भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आजच्या कलावंतांना आपल्या एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहाशी संवाद साधायला बोलावले. २०११ मध्ये जितिश कल्लाट आणि २०१४ मध्ये अतुल डोडिया यांची प्रदर्शने तिथे झाली. अशा कामात पैशाचे तीन वेगळे मथळे करा: मानधन, साहित्य-निर्मितीचा खर्च, आणि उभारणी-उतरवणी. एकच ठोक रक्कम घेतली की साहित्याचा भाव वाढला तेव्हा मानधनच खाल्ले जाते. गॅलरीने निर्मितीला पैसे घातले असतील तर विक्रीतून ते आधी वळते होणार का, हे लिहा. प्रदर्शनानंतर काम कुणाचे, आणि ते साठवायला जागा कुठे? मोठ्या मांडणीशिल्पाचा हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मग ते गोदामाच्या भाड्यात बुडते. वारसा वास्तूत भिंतीला भोक पाडायला बंदी असते. स्वतः उभे राहणारे चौकटीचे काम आखा आणि जमिनीवर दर चौरस मीटरला किती वजन चालेल हे लेखी मागा.

हक्क

चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे होत नाही. तो हस्तांतरित करायला सही केलेला लेख लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणून संग्रहालयाचे किंवा कंपनीचे काम घेताना ‘कॉपीराइट चित्रकाराकडे’ ही ओळ आधी. संग्रहालयाला कॅटलॉग, संकेतस्थळ आणि प्रसिद्धीसाठी परवानगी खुशाल द्या. कॉफीच्या मगांवर आणि चुंबकांवर छापून दुकानात विकायचे तर वेगळी परवानगी आणि वेगळे मानधन.

कलम ५७ खाली नाव लावण्याचा आणि कामाची विटंबना रोखण्याचा हक्क विक्रीनंतरही चित्रकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र दहा हजारांवर पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. व्यवहारात तो क्वचितच मिळतो, म्हणून पहिल्याच विक्रीच्या कागदात त्याचा उल्लेख करून ठेवावा.

संग्रहालय आणि गॅलऱ्या, आपसांत

गॅलरीने संग्रहालयातल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग किंवा वाहतूक उचलणे सर्रास चालते, आणि पैशाअभावी कित्येक प्रदर्शने त्याशिवाय होणारही नाहीत. पण चित्रांची निवड क्युरेटरची राहिली पाहिजे आणि मदत कुणाची हे प्रदर्शनात छापले पाहिजे. संग्रहालयात किंमतयादी ठेवायची नाही. भाव विचारणाऱ्याला गॅलरीचे नाव सांगावे, आकडा सांगू नये. संग्रहालयाच्या नोकरीत असलेल्याने चित्रांची खरेदी-विक्री करायची नाही, हे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेतही आहे. छोट्या गावात क्युरेटरच चित्रकार असतो, तिथे त्याने निदान स्वतःच्या कामाच्या निवडीच्या बैठकीतून उठावे.

स्थानिक चित्रकारांना निवडीत आवाज हवा. तो कागदावर नसला तर जातो. २०१९ मध्ये एनजीएमएत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकरांनी स्थानिक सल्लागार समित्या रद्द होण्याचा प्रश्न जाहीरपणे मांडला, आणि त्यांना बोलताना अडवले गेले. संग्रहालय लहान असो की मोठे, समितीची मुदत, सदस्य बदलण्याची रीत आणि बैठकांचे इतिवृत्त नियमावलीत हवे.

जिल्ह्याच्या ठिकाणी संग्रहालयाने एवढे केले तरी पुरे: वर्षाच्या सुरुवातीला आसपासची दालने आणि कलामहाविद्यालये यांच्याबरोबर तारखा जुळवाव्यात, म्हणजे एकाच शनिवारी तीन उद्घाटने होत नाहीत. स्थानिक चित्रकारांची नोंदवही ठेवावी आणि तिच्यासाठी वरच्याच रकान्यांचा छापील तक्ता वाटावा. कोरा कंडिशन रिपोर्ट, कोरा उसनवारी करार आणि एक लक्समीटर एवढे सामान कपाटात हवेच.

संग्रहात देताना

संग्रहालयाला चित्र भेट द्यायचे तर आधी विचारा, थेट पोहोचवू नका. भांडाराची जागा मोजकी असते आणि बहुतेक ठिकाणी निवड समितीसमोर जावे लागते. ‘कायम भिंतीवर लावावे’ अशी अट घातली तर नकार येतो, आणि तो रास्त असतो. मागायचे ते हे: दानपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या, संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, श्रेयाची ओळ, चित्र संग्रहातून काढायचे ठरल्यास चित्रकाराला किंवा वारसांना आधी कळवण्याचे कलम, आणि तुमच्या प्रदर्शनासाठी ते उसने मिळण्याची सोय. मालकी जाते आणि कॉपीराइट राहतो, हेही त्यातच लिहा. भेट देण्याआधी गॅलरीला कळवा, कारण त्याच मालिकेतली चित्रे तिच्याकडे असतील तर विकताना तिला या नोंदीचा उपयोग होतो.

कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणून नोंदवहीची एक प्रत, गॅलरीतल्या न विकलेल्या कामांची ताजी यादी आणि उसनवारीवर गेलेल्या चित्रांचे करार घरातल्या एका माणसाला कुठे आहेत ते दाखवून ठेवा, आणि त्याचे नाव मृत्युपत्रात घाला. कन्साइनमेंट करारातही ‘चित्रकाराच्या निधनानंतर वारसांची लेखी संमती मिळेपर्यंत विक्री थांबेल’ अशी ओळ असावी. गॅलरीने दर मार्च अखेरीस आपल्याकडच्या चित्रांची यादी सही करून पाठवावी, आणि चित्रकाराने ती वहीशी ताडून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फरक कळवावा.